नीती आणि राजकारणाच्या तत्त्वज्ञानावर विद्यापीठात नियमित बैठक कशी चालवावी?

विचारलेलं थोडक्यात असं: जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या तरुण सहायक प्राध्यापक बाईंना नैतिक आणि राजकीय तत्त्वज्ञानावर दर पंधरा दिवसांनी बैठक सुरू करायची आहे. त्यांच्या विभागात वर्षातून एकदा दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र होतं, पण तिथं कुणी प्रश्न विचारत नाही. बैठक मराठीत घ्यावी की इंग्रजीत, हे ठरत नाही. आरक्षण किंवा धर्मांतर असा विषय निघाला तर वाद पेटेल म्हणून विभागप्रमुख धास्तावलेले आहेत. पैसा नाही. आणि आमच्या गावी बाहेरून येणार कोण, अशीही शंका आहे.

मी अशी बैठक एकवीस वर्षं चालवली. दर दुसऱ्या गुरुवारी, दुपारी साडेतीन ते साडेपाच. आता निवृत्त आहे, पण त्या गुरुवारांची सवय सुटलेली नाही. म्हणून जे करून पाहिलं तेच सांगते, जिथं चुकले तेही सांगते.

सगळ्यात आधी, निबंध बैठकीत वाचायचा नाही. तो आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे. बाकीचं सगळं यावर उभं आहे. तुमच्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही याचं कारण विद्यार्थी मठ्ठ आहेत असं नाही. वीस मिनिटं भराभर वाचलेला निबंध एकदा कानावर पडतो, त्यातलं निम्मं निसटतं, आणि लगेच अध्यक्ष विचारतात, 'कुणाला काही प्रश्न?' अशा वेळी मलाही काही सुचत नाही. राष्ट्रीय चर्चासत्राला मी नावं ठेवणार नाही. दीपप्रज्वलन, बीजभाषण, जेवणाच्या पंगतीतल्या ओळखी यांचंही मोल आहे. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांचे पुढचे मार्गदर्शक तिथंच भेटले. पण एका दिवसात बावीस निबंध ठेवले की प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं वगळावी लागतात. विचार मात्र प्रश्नोत्तरांतच होतो. म्हणून त्या कार्यक्रमाला तसाच राहू द्या आणि ही बैठक त्याच्यापासून पूर्ण वेगळी ठेवा. मंच नको, हार नको, बॅनर नको. टेबलं चौकोनात लावा आणि वक्त्याची खुर्ची इतरांच्या रांगेतच ठेवा.

जगात जिथं जिथं हे चांगलं चाललं, तिथं वाचनाला आवर आणि चर्चेला वाव, अशीच रीत दिसते. केंब्रिज विद्यापीठातला तत्त्वज्ञांचा मॉरल सायन्सेस क्लब १८७८ सालचा. तिथं १९१२ साली ठरलं की निबंध शक्यतो सात मिनिटांपेक्षा लांबू नये, म्हणजे उरलेला वेळ चर्चेला मिळेल. त्याच महिन्यात, नोव्हेंबरात, तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन 'तत्त्वज्ञान म्हणजे काय' यावर जेमतेम चार मिनिटं बोलला. न्यूयॉर्क विद्यापीठात रोनाल्ड ड्वॉर्किन आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९८७ साली कायदा, राजकारण आणि समाज यांच्या तत्त्वज्ञानावर जी बैठक सुरू केली, तिथं पाहुण्याचा निबंध आधीच वाटला जाई. पाहुणा तो वाचून दाखवत नसे. यजमानांपैकी एक जण त्याचा गाभा मांडायचा, शंका उभ्या करायचा आणि मग पाहुण्याला उत्तरं द्यावी लागायची. दुसऱ्याच्या तोंडून आपला युक्तिवाद ऐकणं ही लेखकाची मोठी परीक्षा असते. मी ही रीत उचलली, फक्त गाभा मांडायचं काम एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे दिलं. दहा मिनिटं, एक पान, घड्याळ समोर. आपलं म्हणणं एका बावीस वर्षांच्या मुलीने आपल्यापेक्षा स्वच्छ मांडलेलं ऐकून भारावलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

आपल्या माणसांना यातलं एक उदाहरण मी नेहमी सांगत आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मर्म जातीअंतर्गत लग्नाच्या बंधनात आहे, हे त्यांचं प्रतिपादन आजही आपण शिकवतो. ते एका वर्गातल्या बैठकीसाठी लिहिलं गेलं होतं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. त्या निबंधाच्या शेवटी ते म्हणतात की हा सिद्धांत टिकत नाही असं दाखवून दिलं तर आपण तो तितक्याच तयारीने सोडून देऊ. हे वाक्य मी दर जूनमध्ये नव्या तुकडीला वाचून दाखवायची. बैठकीत बोलायला बसणाऱ्याची मनाची तयारी याहून वेगळी काय असावी?

आता विषय निवडण्याबद्दल. 'गांधी आणि आंबेडकर: एक तुलना' किंवा 'जागतिकीकरणाच्या युगातील मूल्यविचार' हे विषय ठेवू नका. त्यांत शिरायला दार कुठं आहे ते सापडत नाही. ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल आणि दोन्ही बाजूंना कारणं देता येतील, असा प्रश्न ठेवा. माझ्या वहीतले काही सांगते. पूर्वजांनी केलेल्या अन्यायाची भरपाई आज जन्मलेल्या माणसाने का करावी? कायदा अन्याय्य वाटला तर तो मोडणाऱ्याने शिक्षा निमूट भोगली पाहिजे का? मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हे ऋण आहे की प्रेम, आणि ऋण असेल तर न मागितलेल्या गोष्टीचं ऋण होतं का? धरणग्रस्ताला जमिनीचा मोबदला मिळाला म्हणजे त्याचा हिशेब पूर्ण झाला का? यातला शेवटचा प्रश्न ठेवला त्या दिवशी खोलीत खुर्च्या कमी पडल्या, कारण समाजशास्त्र आणि कायद्याच्या विभागातली मुलंही आली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली दोन घराणी त्या खोलीत होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सुरुवातीच्या वाचनासाठी ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा दुष्काळ आणि संपन्नता यांवरचा १९७२ सालचा छोटा लेख उत्तम. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लाखो निर्वासितांकडे पाहून तो लिहिला आहे, त्यामुळे आपल्या मुलांना तो परका वाटत नाही. तळ्यात बुडणारं मूल वाचवताना कपडे खराब होतील म्हणून कुणी मागे फिरणार नाही, मग लांबच्या माणसाचा जीव आपल्या पैशाने वाचत असेल तर मागे का फिरावं, एवढाच त्याचा सवाल. मुलं या लेखाशी पहिल्याच दिवशी भांडायला लागतात. 'गावच्या जत्रेची वर्गणी द्यायची की बिहारच्या पुराला पैसे पाठवायचे?' असा प्रश्न एकाने केला आणि जवळच्यांविषयीचं कर्तव्य वेगळं असतं का, हा मोठा विषय आपोआप पुढ्यात आला.

प्रश्न विचारायला लावायच्या माझ्या युक्त्या साध्या आहेत. बैठकीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, फक्त विद्यार्थी जमायचे. शिक्षकांनी तिकडे फिरकायचं नाही, मीसुद्धा नाही. निबंध परिच्छेदागणिक वाचायचा आणि न कळलेल्या जागांना पेन्सिलीने खूण करायची. न कळलेली जागा हाच पुष्कळदा सगळ्यात चांगला प्रश्न निघतो, कारण तिथं लेखकालाही नीट कळलेलं नसतं. गुरुवारी गाभा मांडून झाला की पाच मिनिटं सुट्टी द्यायची, चहा द्यायचा. या पाच मिनिटांत मुलं एकमेकांना हळूच विचारतात, 'हे विचारलं तर चालेल का?' आणि शेजारचा म्हणतो, 'विचार की.' एवढ्यावर काम होतं. सुट्टीनंतरचे पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. तोवर प्राध्यापकांनी, ते कितीही ज्येष्ठ असोत, थांबायचं. हा नियम मोडायला मी एका कुलगुरूंनाही परवानगी दिली नाही, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

अध्यक्षाने कागदावर नावं लिहून घ्यायची. नवा प्रश्न असेल तर हात वर करायचा, चालू मुद्द्यालाच धरून काही छोटं विचारायचं असेल तर एक बोट. बोटवाल्याला आधी संधी, पण दोन वाक्यांत. ही रीत बाहेरच्या अनेक विद्यापीठांत आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे, कारण मुद्दा अर्धवट टाकून दुसरीकडे उडी मारली जात नाही. एका माणसाचा एका वेळी एकच प्रश्न. 'माझे तीन प्रश्न आहेत' असं म्हणणाऱ्याला म्हणायचं, त्यातला तुमचा लाडका निवडा.

आता तो दिवस सांगते, ज्यासाठी मी इतकी वर्षं हे केलं असं मला वाटतं. एप्रिल महिना होता, पंखे गरम वारा फेकत होते. पाहुणे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या भेदतत्त्वावर बोलायला आले होते. समाजात विषमता असायचीच असेल तर ती सगळ्यात मागे असलेल्यांच्या सर्वाधिक हिताची असली पाहिजे, हे ते तत्त्व. पाहुण्यांनी डॉक्टरांच्या पगाराचं नेहमीचं उदाहरण दिलं होतं. सुट्टीनंतर माण तालुक्यातल्या एका मुलीने हात वर केला. वर्षभर ती एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. माणशी पाणी ठरलेलं आहे, सगळ्यांना सारखं. पण टँकर उभा राहतो मोठ्या वाड्यासमोर. आमच्या वस्तीवरून हंडे घेऊन यायला बायकांना अर्धा तास लागतो. वाटप तर सारखं आहे. मग यात अन्याय कुठं आहे?"

पाहुण्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "थांबा, मला विचार करू द्या." खोलीत पूर्ण शांतता होती. कायद्याच्या विभागातला एक जण बोट वर करून म्हणाला की चालण्याचा वेळ हीसुद्धा किंमतच आहे, ती हिशेबात धरली की वाटप सारखं राहत नाही, म्हणजे रॉल्सची चौकट शाबूत राहते. त्या मुलीने लगेच उत्तर दिलं, "अर्धा तास मोजता येईल. पण टँकर कुठं उभा करायचा हे कोण ठरवतं, ते कशात मोजणार?"

पुढचा सव्वा तास याच एका प्रश्नावर गेला. न्याय म्हणजे वस्तूंचं वाटप, की निर्णय कोण घेतं याचाही त्यात समावेश? अमेरिकन तत्त्वज्ञ आयरिस यंगने १९९० साली नेमका हाच आक्षेप घेतला होता की न्यायाची चर्चा वाटपातच अडकून राहते आणि निर्णयाची सत्ता, कामाची विभागणी, अपमान यांच्याकडे दुर्लक्ष होतं. त्या मुलीने यंगचं नावही ऐकलेलं नव्हतं. पुढच्या बैठकीला आम्ही यंगचं प्रकरण लावलं आणि गाभा मांडायला तिलाच बसवलं. तिने मांडणीच्या शेवटी यंगवरही एक शंका घेतली: निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला आणि तरीही टँकर वाड्यासमोरच उभा राहिला तर? ती शंका अजून माझ्या डोक्यात आहे.

आता तुमच्या विभागप्रमुखांच्या काळजीकडे येते. ती खोटी नाही. नीती आणि राजकारणाचे प्रश्न खोलीतल्या माणसांच्या अंगाला चिकटलेले असतात. आरक्षणावर बोलताना ज्याच्याविषयी बोलणं चाललं आहे तो समोर बसलेला असतो. माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. आरक्षण आणि गुणवत्ता यांवर बैठक होती. चर्चा कोरडी चालली आहे असं वाटून मी एका दलित विद्यार्थ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग ना, तुझा अनुभव काय आहे?" तो दोन-तीन वाक्यं बोलला. पुढच्या बैठकीला आला नाही, त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस माझ्या खोलीत आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, "मॅडम, मी त्या दिवशी कांटवर प्रश्न लिहून आणला होता." कागद अजून त्याच्या वहीत होता. माणसाला साधन म्हणून वापरू नये हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं, आणि मार्कांनी ठरणारी गुणवत्ता माणसाला कशाचं साधन बनवते, असा तो प्रश्न होता. त्या दिवशीच्या सगळ्या चर्चेपेक्षा तो वरच्या दर्जाचा होता, आणि मी त्या मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात विचारलं होतं की भारतातली समाजशास्त्रं कितपत समतावादी आहेत. सिद्धांत मांडायचा काहींनी आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवायचा बाकीच्यांनी, ही विभागणीच जातीसारखी आहे, असा त्यांचा रोख होता. त्यावरून तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई आणि त्यांच्यात झालेला वाद पुढे २०१२ साली पुस्तकरूपाने आला. मी तो लेख त्या प्रसंगाआधी वाचलेला होता, शिकवलेलाही होता. तरी चुकले. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: कुणाकडेही कधीही अनुभव मागू नका. युक्तिवाद मागा. ज्याला आपला अनुभव आणायचा आहे तो आपण होऊन आणेल, जसा त्या माणच्या मुलीने टँकर आणला. तो मुलगा परत आला, हे माझं भाग्य. पुढचं वर्षभर बैठकीचं अध्यक्षपद त्याने सांभाळलं.

वाद पेटण्याबद्दल आपल्या परंपरेत पुष्कळ शहाणपण आहे. न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या, मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खंडन करत राहणारी वितंडा. वितंडवाद हा शब्द आपल्या बोलण्यात राहिला, पहिले दोन विसरले गेले. मी वर्षाच्या पहिल्या बैठकीत हे तीन शब्द फळ्यावर लिहायची आणि एक नियम सांगायची. आक्षेप घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडा की तो स्वतः म्हणेल, 'हो, हेच मला म्हणायचं आहे.' पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडायचा अधिकार नाही. धर्मांतरबंदीच्या कायद्यांवर आमच्याकडे दोन टोकांची माणसं समोरासमोर बसली होती. आवाज चढायला लागला तेव्हा मी दोघांना फक्त एकमेकांची बाजू मांडायला लावली. पहिल्याला चार प्रयत्न लागले. चौथ्या प्रयत्नाला समोरचा म्हणाला, "आता बरोबर." मतं दोघांचीही बदलली नाहीत, आवाज मात्र खाली आला आणि फूस लावणं आणि पटवणं यांतली सीमारेषा कुठली, या खऱ्या प्रश्नापाशी आम्ही पोचलो.

निबंधावर कात्री चालवायची पाळी कधी येऊ देऊ नका. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, काही भाग गाळायला सांगितला. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतः छापलं. निबंध आधी मागवण्याचा हा धोका आहे, तो ओळखून राहा. बोलवायच्या आधी विचार करा, बोलावल्यावर निष्कर्षाला हात लावू नका. युक्तिवाद कुठं तुटतो आहे हे लेखकाला जरूर कळवा. विभागप्रमुखांना हे लेखी नियम म्हणून आधीच दाखवून ठेवलंत तर त्यांनाही बळ मिळेल, कारण उद्या कुणी विचारलं तर त्यांच्या हातात कागद असेल.

भाषेचं मी असं केलं. निबंध मराठीत किंवा इंग्रजीत, लेखकाला जमेल तसा. प्रश्न कुठल्याही भाषेत. अध्यक्षाने प्रत्येक प्रश्न दुसऱ्या भाषेत एका वाक्यात सांगायचा. याने वेळ जातो असं वाटतं, पण भाषांतर करताना प्रश्नातली संदिग्धता उघडी पडते. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने परंपरागत नैयायिक (न्यायदर्शनाचे) पंडित आणि आधुनिक पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ समोरासमोर बसले, तेव्हा ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचं विधानांविषयीचं म्हणणं संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवलं होतं. शब्दाला शब्द शोधतानाच दोन्ही बाजूंना कळलं असणार की आपण काय गृहीत धरून चाललो आहोत.

आमच्या बैठकीतलं एक उदाहरण देते. रॉल्सचा १९५८ सालचा निबंध न्यायाला फेअरनेस म्हणतो. याला मराठीत काय म्हणायचं? कुणी म्हणालं 'निष्पक्षता', कुणी 'समन्यायीपणा'. मग एक मुलगा म्हणाला, "रास्त. रास्त भाव दुकान असतं ना, तसं." खोलीतल्या निम्म्या जणांच्या घरी त्या दुकानाचं कार्ड होतं. न्याय म्हणजे रास्तपणा. रास्त या शब्दात परवडणारं, वाजवी, दोन्ही बाजूंनी कबूल करावं असं, सगळं आलं. आणि रास्त भाव दुकानात प्रत्यक्षात काय घडतं याची आठवणही आली. त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर तोच शब्द राहिला. हक्क आणि अधिकार यांचंही तसंच. अधिकारात पात्रता आणि सत्ता दोन्ही मिसळलेल्या आहेत. हक्क मात्र मागता येतो, बजावता येतो, हिरावला जातो. आणि 'लायकी' हा शब्द वापरण्यापूर्वी थांबा. इंग्रजीतल्या 'डेझर्ट'ला, म्हणजे कोण कशाला लायक आहे या कल्पनेला, तो चपखल बसतो, पण आपल्या समाजात तो शब्द कुणाला उद्देशून वापरला गेला आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. आम्ही 'पात्रता' घेतला आणि तो का घेतला यावर एक अख्खी बैठक झाली. शब्दांची अशी यादी तुम्हीही करत राहा. पाच वर्षांत तुमच्याकडे मराठी नीतिमीमांसेचा छोटा कोशच तयार होईल.

पैशाचं फार मनावर घेऊ नका. खर्च फक्त झेरॉक्सचा आणि चहाचा. पाहुण्यांच्या प्रवासाचं मी असं जमवायची की पीएच.डी.च्या व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, बाहेरचे परीक्षक यायचेच, त्यांना आधी फोन करून एक दुपार मागून घ्यायची. बहुतेकांना आनंद व्हायचा, कारण व्हायवाला कुणी त्यांचं लेखन वाचून बसलेलं नसतं, इथं सगळे वाचून बसलेले. सहभागाची प्रमाणपत्रं मात्र देऊ नका. ती दिली की येणाऱ्यांची संख्या वाढते आणि वाचून येणाऱ्यांची कमी होते. मी एक वर्ष देऊन पाहिली आणि बंद केली.

आणि आमच्या गावी कोण येणार, हा विचार मनातून काढा. १९१६ साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तेव्हा ते खानदेशातलं एक तालुक्याचं गाव होतं. तिथं विद्वानांची राहायची सोय होती, विद्यावेतन होतं, विचार करायला आणि आपसांत वाद घालायला वेळ होता. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखी माणसं तिथं येऊन राहिली. साने गुरुजीही अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला, शाळेतले शिक्षक ते नंतर झाले. माणसं रेल्वेने आली, कारण तिथं गंभीरपणे ऐकणारं कुणीतरी होतं.

शेवटचं काम वहीचं. जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या. तारीख, निबंधाचं नाव, हजर माणसं, विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि कुणी विचारला, एवढंच लिहा. वहीत उत्तरं लिहायची गरज नाही. विट्गेन्श्टाइन चार मिनिटं बोलला हे आज कळतं ते क्लबच्या इतिवृत्तामुळे. त्याच क्लबात २५ ऑक्टोबर १९४६ रोजी विट्गेन्श्टाइन आणि तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची तत्त्वज्ञानाचे खरे प्रश्न असतात का यावरून खडाजंगी झाली, तेव्हा विट्गेन्श्टाइनच्या हातात शेकोटीची सळई होती. हजर असलेल्या तत्त्वज्ञांनी नंतर त्या दहा मिनिटांच्या वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीचं असं होतं, तर पंधरा दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं काय होईल? पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीतला अनुत्तरित प्रश्न वाचून करा. वही लिहायचं काम दर वेळी वेगळ्या विद्यार्थ्याकडे द्या. आमच्या सहा वह्या भरल्या, त्या विभागाच्या कपाटात आहेत आणि नवी मुलं संशोधनाचा विषय शोधताना त्या चाळतात.

सत्र सुरू झालं की तिसऱ्या आठवड्यात पहिली बैठक ठेवा, प्रवेशाची धावपळ तोवर संपलेली असते. सिंगरचा लेख मराठीत सांगता येईल असं कुणी असेल तर त्याला बसवा, नसेल तर तुम्ही बसा. पहिल्या दिवशी सातच माणसं येतील. सातच खुर्च्या मांडा, रिकाम्या खुर्च्या बाहेर काढून ठेवा, आणि साडेतीनला सुरू करा.